अनोळखी ऑनलाइन किल्टमेकर विश्वासार्ह आहे का, हे कसे ओळखावे

किल्ट म्हणजे स्कॉटलंडचा पारंपरिक, कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारा, मागे चुण्या असलेला पोशाख. पुरुषाच्या मापाचा, लोकरी कापडाचा, हाताने शिवलेला पूर्ण किल्ट आज स्कॉटलंडमध्ये ४०० पौंडांच्या खाली सहसा मिळत नाही, आणि नावाजलेल्या कारागिराकडे त्याची किंमत याच्या बरीच पुढे जाते. इंटरनेटवर शोधू लागले की मात्र ४०-५० पौंडांपासून किल्ट दिसू लागतात, आणि गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की महाग आणि स्वस्त अशा दोन्ही मालाखाली लिहिलेले वर्णन जवळपास सारखेच असते: अस्सल स्कॉटिश, आठ वारी, हातशिलाईचा, पारंपरिक. एडिनबरा किंवा ग्लासगो येथे शिकायला गेलेला विद्यार्थी, स्कॉटिश कुटुंबात लग्न ठरलेला तरुण किंवा भारतातील एखाद्या पाइप बँडसाठी गणवेश शोधणारा बँडप्रमुख, यांच्यापैकी कोणाच्याही घरात किल्ट पारखून देणारे वडीलधारे माणूस असण्याची शक्यता कमीच. ज्याला दुकानात जाऊन कापड हातात घेता येत नाही, त्याने दुरूनच पारख कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

संकेतस्थळाच्या देखणेपणावरून काहीही ठरवू नये, हे आधी सांगून टाकतो. स्कॉटलंडमधील कित्येक उत्तम किल्टमेकर एकट्याने, राहत्या घराच्या एका खोलीत काम करतात. त्यांची संकेतस्थळे जुनाट असतात, छायाचित्रे अंधूक असतात आणि पत्राला उत्तर चार दिवसांनी येते. याउलट चकचकीत पान उभे करणे ही आज एका दुपारची बाब आहे. म्हणून विक्रेता स्वतःविषयी काय म्हणतो याकडे थोडे दुर्लक्ष करून तो किल्टविषयी काय सांगतो आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे तो तुम्हाला काय विचारतो, याकडे लक्ष द्यावे. जो स्वतः कापतो आणि शिवतो, किंवा शिवणाऱ्याच्या शेजारी बसतो, त्याला काही गोष्टी विचारल्यावाचून कामच सुरू करता येत नाही.

आधी किल्ट कसा बनतो ते माहीत असावे

पारखण्यापुरती माहिती फार नाही, पण ती नसेल तर पुढचे सगळे निरर्थक ठरते. किल्टचे कापड म्हणजे पिळदार, गुळगुळीत वर्स्टेड लोकरीचे, तिरकस विणीचे टार्टन, म्हणजे रंगीत रेघांच्या चौकटींचे कापड. ते साधारण दीड मीटर पन्ह्यात विणले जाते. आठ वारी किल्टसाठी या दुहेरी पन्ह्याचे चार वार कापड घेऊन ते लांबीत मधोमध कापतात आणि दोन पट्टे जोडून आठ वारांचा एक पट्टा करतात. हा जोड चुणीच्या आत अशा जागी लपवतात की घालणाऱ्यालाही तो दिसत नाही. खालची कड म्हणजे कापडाची मूळ विणलेली किनारच असते. तिला दुमड नसते, तुरपाई नसते. खाली दुमडून शिवलेली कड दिसली, तर ते कापड किल्टसाठी विणलेले नव्हते किंवा शिवणाऱ्याने परंपरागत रीत सोडली आहे, असे समजायला हरकत नाही.

पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि मागे चुण्या. या चुण्या कमरेपासून नितंबांच्या सर्वांत रुंद भागापर्यंत शिवून बसवलेल्या असतात आणि वर कमरेकडे जाताना प्रत्येक चुणी थोडी थोडी अरुंद होत जाते. शरीराचा आकार किल्टला मिळतो तो या निमुळतेपणातून. आत चुण्यांचे जाड थर कापून काढतात, त्या जागी मजबुतीसाठी कॅनव्हास लावतात आणि वरून सुती अस्तर हाताने टाचतात. अनुभवी हातालाही या सगळ्याला पंधरा-वीस तास सहज लागतात. एवढे काम आणि चार वार चांगली लोकर ६० पौंडांत बसू शकत नाही, आणि विक्रेता बसते म्हणत असेल तर यातले काहीतरी तिथे नाही.

चुण्या घालण्याच्या मुख्य पद्धती दोन. एकीत टार्टनची पूर्ण आकृती मागच्या बाजूला पुन्हा जुळवून घेतात, म्हणजे चुण्या मिटलेल्या असताना मागचा भाग पुढच्यासारखाच दिसतो. दुसरीत प्रत्येक चुणीच्या मध्यावर एकच ठळक रेघ येऊ देतात. ही पद्धत लष्करी पलटणींमध्ये रूढ आहे. कोणती हवी हे विचारणारा विक्रेता आणि ‘चुण्या असतातच’ असे उत्तर देणारा विक्रेता यांच्यातले अंतर एका पत्रात कळून येते.

वर्णन वाचताना

पहिली नजर धाग्याच्या उल्लेखावर जावी. ब्रिटनमध्ये २०१२च्या कापड-लेबलविषयक नियमांनुसार कापडी वस्तूतील तंतूंचे प्रमाण सांगणे बंधनकारक आहे, आणि ऑनलाइन विक्रीत ते खरेदीपूर्वी दिसले पाहिजे. त्यामुळे ‘१०० टक्के शुद्ध नवी लोकर’ किंवा ‘६५ टक्के पॉलिएस्टर, ३५ टक्के व्हिस्कोस’ यांसारखे सरळ विधान अपेक्षित आहे. ‘ॲक्रिलिक वूल’ हा स्वस्त किल्टच्या जाहिरातीत सर्रास दिसणारा शब्दप्रयोग तर स्वतःच स्वतःला खोटे ठरवतो, कारण ॲक्रिलिक हा कृत्रिम तंतू आहे आणि लोकर मेंढीची असते. ‘लोकरीसारखे’, ‘प्रीमियम ब्लेंड’, ‘उच्च दर्जाचे टार्टन’ असे शब्द आहेत आणि टक्केवारी मात्र कुठेच नाही, असे आढळले तर पान बंद करावे. पॉलि-व्हिस्कोस स्वतः वाईट नाही, हेही इथे नोंदवायला हवे. पावसात वाजवणाऱ्या बँडला आणि घरच्या यंत्रात कपडे धुणाऱ्या माणसाला ते सोयीचे पडते, आणि ते उघडपणे पॉलि-व्हिस्कोस म्हणून विकणारे प्रामाणिक व्यावसायिक आहेत.

दुसरी गोष्ट कापडाचे वजन. किल्टच्या व्यवसायात कापड वाराला किती औंस, या मापाने ओळखले जाते: १०-११ औंस हलके, १३ औंस मध्यम, १६ औंस भारी, आणि पलटणींचे त्याहूनही जड. हा आकडा न सांगणारा विक्रेता कापड कुठून आणतो याविषयी शंका घ्यावी. आकडा सांगितला असेल तर एक छोटा हिशेब करून पाहावा. दुहेरी पन्ह्याचे चार वार, वाराला १६ औंस, म्हणजे ६४ औंस. हे चार पौंड, अर्थात सुमारे १.८ किलो भरतात. आत थोडे कापड कापले जाते, पण अस्तर, कॅनव्हास आणि किल्ट कमरेला बांधायचे चामडी पट्टे त्यात मिळतात, त्यामुळे तयार किल्ट याच्या आसपासच वजनाचा असतो. १३ औंसांचा असेल तर दीड किलोच्या जवळ. ‘आठ वारी, १६ औंस’ असे छातीठोक लिहिलेल्या मालाच्या पाठवणीच्या तपशिलात वजन ८०० ग्रॅम दिले असेल, तर दोहोंपैकी एक विधान खोटे आहे, आणि वजनकाट्याला खोटे बोलण्याचे कारण नसते.

तिसरी गोष्ट वारांची. सर्वांसाठी काटेकोर आठ वार असे खरे म्हणजे नसते. टार्टनची आकृती किती मोठी आहे आणि माणसाच्या कमरेचा-नितंबाचा घेर किती आहे यावर कापड कमी-जास्त लागते. बारीक अंगाच्या माणसाला सात वारांत उत्तम किल्ट होतो. हे समजावून सांगणारा विक्रेता भरवशाचा वाटतो. ‘आठ वार’ ही बिरुदावली सगळ्या मापांवर एकसारखी चिकटवणारा तितका वाटत नाही.

गावाच्या नावाचा प्रश्न जरा नाजूक आहे. पाकिस्तानी पंजाबातील सियालकोट हे शहर क्रीडासाहित्य आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच बॅगपाइप आणि किल्टसाठीही आहे, आणि इंटरनेटवरील स्वस्त किल्टचा मोठा वाटा तिथून येतो. सियालकोटचा किल्ट सियालकोटचा म्हणून, ॲक्रिलिक म्हणून, ५० पौंडांना विकला, तर त्यात फसवणूक काहीच नाही. एका रात्रीच्या मौजेसाठी तो पुरेसाही असतो. तक्रार आहे ती तोच माल एडिनबऱ्याच्या किल्ल्याचे चित्र लावून विकणाऱ्यांविषयी. हॅरिस ट्वीड या स्कॉटलंडच्या बेटांवर हाताने विणल्या जाणाऱ्या लोकरी कापडाला १९९३च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याचा गोलाचा शिक्का कोणालाही मारता येत नाही. किल्ट या शब्दाला तसे कवच नाही. म्हणून ‘स्कॉटिश किल्ट’, ‘स्कॉटलंडमध्ये रेखाटलेला’, ‘स्कॉटिश कंपनी’ या शब्दांचा अर्थ स्कॉटलंडमध्ये शिवलेला असा होत नाही. ‘कापड कोठे विणले आणि किल्ट कोठे शिवला’ असे दोन वेगळे प्रश्न लेखी विचारावेत, आणि दोन वेगळी उत्तरे मागावीत.

कापडाच्या गिरणीचे नाव सांगायला खऱ्या किल्टमेकरला अडचण नसते, उलट तो ते अभिमानाने सांगतो. सेल्कर्कची लॉखकॅरन आणि डी. सी. डॅलग्लीश, पर्थची हाउस ऑफ एडगर, फॉरफरची स्ट्रॅथमोर, यॉर्कशरमधील ऑटलीची मार्टन मिल्स ही नावे या व्यवसायात सर्वांच्या ओठांवर असतात. मार्टन मिल्स इंग्लंडमध्ये आहे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. गिरणीचे नाव मिळाले की तिच्या रंगछटांच्या यादीत ते टार्टन त्या वजनात खरोखर विणले जाते का, हे पडताळून पाहता येते.

टार्टनची पडताळणीही अशीच करावी. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ साली केलेल्या कायद्यानुसार ‘स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स’ ही सरकारी नोंदवही स्थापन झाली आणि २००९पासून ती सर्वांना विनामूल्य पाहता येते. विक्रेत्याच्या चित्रातील टार्टन तिथल्या नोंदीशी ताडून पाहावे. रेघांचा क्रम आणि रुंदीचे प्रमाण जुळले पाहिजे. रंग थोडे वेगळे दिसले तर लगेच चूक समजू नये, कारण एकच टार्टन ‘मॉडर्न’, ‘एन्शंट’, ‘वेदर्ड’ अशा वेगवेगळ्या छटांमध्ये विणतात. पण यांपैकी कोणती छटा आपण विकत आहोत हे विक्रेत्याला सांगता यायला हवे. काही टार्टन विणण्यास मालकाची परवानगी लागते, आणि तशी अट नोंदवहीत लिहिलेली असते. बॅलमोरल टार्टन राजघराण्यासाठी राखीव आहे, हा संकेत सर्वांना ठाऊक आहे. ते कोणालाही आनंदाने विकणारा दुकानदार बाकीच्या बाबतीतही फार विचार करत असेल असे वाटत नाही. पुष्कळशी टार्टन परंपरेने एकेका स्कॉटिश कुळाची मानली जातात. ज्याचे कुळ स्कॉटिश नाही त्याला, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, ब्लॅक वॉचसारखी सर्वांनी घालण्याजोगी टार्टन खुली आहेत, आणि अनाठायी कुळ चिकटवण्याऐवजी हे स्वतःहून सुचवणाऱ्या विक्रेत्याला मी एक गुण जास्त देईन.

छायाचित्रांत काय पाहावे

पुढून काढलेले, पुतळ्यावर किंवा मॉडेलवर चढवलेल्या किल्टचे चित्र जवळपास निरुपयोगी असते. मागचे चित्र मागावे. चुण्या मिटलेल्या स्थितीत आडव्या रेघा एका चुणीवरून दुसरीवर सलग जातात का, की पायरीसारख्या वर-खाली होतात, ते पाहावे. नितंबाच्या रेषेपासून कमरेपर्यंत चुण्या निमुळत्या होत जातात का, ते पाहावे. वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीच्या, इस्त्रीने पाडलेल्या चुण्या म्हणजे किल्टच्या आकाराचा स्कर्ट. चुण्यांच्या कडेने बाहेरून यंत्राच्या टाक्यांची सरळ रांग धावताना दिसली, तर तो ‘हातशिलाईचा’ नाही. पुरुषाच्या किल्टचा वरचा पदर घालणाऱ्याच्या उजवीकडे संपतो आणि त्या कडेला कापडाच्याच धाग्यांची झालर असते. चित्रात हे उलट असेल तर चित्र आरशात फिरवलेले आहे किंवा शिवणाऱ्याला विषय माहीत नाही.

त्यानंतर आतल्या बाजूचे चित्र मागावे. पैठणी घेताना आपल्याकडच्या बायका जशा पदर उलटून मागची बाजू पाहतात, तशीच ही पाहणी आहे. विणलेले टार्टन दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. मागून फिकट किंवा पांढरट दिसत असेल तर ते छापलेले आहे. चित्र पुरेसे मोठे करून पाहता आले, तर दोन रंगांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही रंगांच्या बारीक तिरक्या रेघा आलटून पालटून दिसल्या पाहिजेत. अस्तराची कड हाताने टाचलेली आहे का, चामड्याचे पट्टे शिवलेले आहेत का, की वेल्क्रो आहे, हेही तिथेच कळते. कॅनव्हास अस्तराखाली झाकला जातो, म्हणून शिवण अर्धी झालेली असतानाचे एखादे चित्र आहे का, असे विचारावे. जो रोज किल्ट शिवतो त्याच्या फोनमध्ये अशी चित्रे असतातच.

संकेतस्थळावरील चित्रे गूगल लेन्स किंवा टिनआयमध्ये टाकून उलटा शोधही घ्यावा. तेच चित्र पाच वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत, पाच वेगवेगळ्या किमतींना दिसले, तर त्यांपैकी चार जणांनी तो किल्ट कधी हाताळलेला नाही, आणि पाचव्याविषयीही खात्री देता येत नाही.

पत्रव्यवहारात खरी परीक्षा

पैसे देण्यापूर्वी एक सविस्तर पत्र लिहावे. त्यात हवे ते टार्टन, कापडाचे वजन, चुण्यांची पद्धत, कोण शिवणार, किती आठवडे लागणार आणि माप चुकले तर काय, हे विचारावे. शिवणारी व्यक्ती दुकानाबाहेरची, घरून काम करणारी असेल तर त्यात गैर काही नाही. स्कॉटलंडमधील अनेक दुकानांचे किल्ट अशाच घरबसल्या कारागिरांकडून शिवून येतात. फक्त ते लपवले जाऊ नये. मुदतीच्या बाबतीत हातशिलाईच्या मापाच्या किल्टला दीड-दोन महिने लागणे स्वाभाविक आहे, लग्नसराईत त्याहून अधिक. ‘हाताने शिवलेला, तुमच्या मापाचा, पाच दिवसांत’ या तीन गोष्टी एका वाक्यात आल्या की एक कमी करून वाचावे.

आता त्याच्याकडून येणाऱ्या प्रश्नांकडे पाहावे. किल्ट पँटसारखा कमरेखाली बसत नाही. तो बेंबीच्या आसपास, नैसर्गिक कमरेवर बसतो आणि तिथून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत येतो. म्हणून पँटचे माप घेऊन शिवलेला किल्ट हमखास चुकतो. जाणकार किल्टमेकर कमरेचे माप, नितंबांचा सर्वांत रुंद घेर आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी मागतो. माप स्वतः न घेता दुसऱ्याकडून, सरळ उभे राहून घ्यायला सांगतो. पोट सुटलेले आहे का, उंची किती, किल्ट कशाबरोबर घालणार, हेही विचारतो. मापे एकमेकांशी विसंगत वाटली तर पुन्हा घ्यायला लावतो. कधी कधी बाजूने काढलेले छायाचित्र मागतो. हा त्रास वाटतो, पण हा त्रास देणाऱ्याकडेच पैसे द्यावेत. ज्याच्या पानावर ३२, ३४, ३६ एवढेच आकडे आहेत आणि जो ‘तुमची जीन्स कोणत्या मापाची?’ यापलीकडे जात नाही, तो मापाचा किल्ट शिवत नाही, साठ्यातला पाठवतो.

कापडाचा तुकडा मागवणे हा या टप्प्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तुकडा आला की एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा, अर्थात खिडकी उघडून आणि पाणी जवळ ठेवून. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती बहुधा विझते आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळते, काळा धूर सोडते आणि मागे कडक काळा मणी उरतो. तुकडा पाठवण्यास नकार मिळाला, तर त्याच टार्टनचा टाय किंवा मोज्यांना लावायच्या पट्ट्या आधी मागवाव्यात. कापडाची प्रत, पाठवण्याची तत्परता आणि पार्सल प्रत्यक्षात कोणत्या देशातून निघाले, हे थोड्या पैशांत कळते.

विक्रेता म्हणून त्याची ओळख

ब्रिटनमधून ऑनलाइन विकणाऱ्याने आपले नाव, भौगोलिक पत्ता आणि ईमेल देणे कायद्याने आवश्यक आहे, आणि तो कंपनी असेल तर नोंदणी क्रमांकही. हा क्रमांक ब्रिटनमधील कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या ‘कंपनीज हाउस’च्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतो, स्कॉटलंडमध्ये नोंदलेल्या कंपनीचा क्रमांक ‘एससी’ या अक्षरांनी सुरू होतो. तिथे स्थापनेची तारीख, संचालक आणि दाखल केलेले हिशेब दिसतात. ‘तीन पिढ्यांचा व्यवसाय’ म्हणवणारी कंपनी मागच्या वर्षी नोंदलेली असेल, किंवा तिच्या संचालकाने अशाच नावांच्या दोन-तीन कंपन्या काढून बंद केलेल्या असतील, तर त्याचे स्पष्टीकरण मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. एकट्याने काम करणारा कारागीर मात्र या नोंदवहीत सापडणार नाही, आणि उलाढाल ९० हजार पौंडांच्या आत असेल तर त्याच्याकडे व्हॅट क्रमांकही नसेल; यावरून त्याला दोषी धरू नये. व्हॅट क्रमांक दिलेला असेल, तर तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, केव्हा नोंदले गेले हेही कोणालाही पाहता येते, आणि चाळीस वर्षांच्या परंपरेच्या बाता मारणारे डोमेन चार महिन्यांचे निघणे ही दुर्मीळ गोष्ट नाही.

पाठवणीच्या अटींचे पान सहसा कोणी वाचत नाही, आणि नेमके तिथेच खरे बाहेर पडते. ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये पाठवलेल्या मालाला सीमाशुल्क लागत नाही. ‘स्कॉटलंडचे दुकान’ आपल्या ब्रिटिश ग्राहकाला ‘सीमाशुल्क भरावे लागल्यास आमची जबाबदारी नाही’ असे सांगत असेल, तर माल परदेशातून येत आहे. परताव्याचा पत्ता वेगळ्याच देशातला असेल, तर परत पाठवण्याचा खर्च किल्टच्या किमतीइतका होऊ शकतो.

अभिप्रायांविषयी थोडक्यात. तारांकनाची सरासरी पाहू नये. तीन महिने वापरून लिहिलेला, बसण्याविषयी आणि चुण्यांविषयी बोलणारा, घालणाऱ्याच्या स्वतःच्या छायाचित्रासह आलेला एक अभिप्राय, ‘वेळेवर मिळाला, खूप छान’ अशा शंभर ओळींपेक्षा उपयोगी असतो. आठवडाभरात एकदम आलेल्या स्तुतीच्या लाटा संशयास्पद समजाव्यात, आणि वाईट अभिप्रायाला विक्रेत्याने दिलेले उत्तर नीट वाचावे, कारण गिऱ्हाइकावर डाफरणारा विक्रेता उद्या तुमच्यावरही डाफरेल.

पैसे कसे द्यावेत

मापाप्रमाणे शिवलेल्या वस्तूला ब्रिटनमधील ऑनलाइन खरेदीची १४ दिवसांत रद्द करण्याची सवलत लागू होत नाही, हे ऑर्डर देण्याआधी माहीत असावे. मन बदलले म्हणून किल्ट परत करता येणार नाही. मात्र २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू वर्णनाप्रमाणे आणि समाधानकारक दर्जाची असलीच पाहिजे, आणि हे मापाच्या कपड्यालाही लागू आहे. लोकर म्हणून ॲक्रिलिक आले किंवा दिलेल्या मापांहून वेगळा किल्ट आला, तर पहिल्या ३० दिवसांत तो नाकारता येतो. यासाठीच टार्टन, छटा, वजन, तंतू, चुण्यांची पद्धत आणि मापे ऑर्डरच्या लेखी नोंदीत असावीत. फोनवर झालेले बोलणे दोन ओळींच्या ईमेलने पक्के करून घ्यावे.

ब्रिटनमध्ये काढलेल्या क्रेडिट कार्डावर १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३० हजार पौंडांपर्यंत किमतीची वस्तू घेतली, तर १९७४च्या ग्राहक पतकायद्याच्या ७५व्या कलमानुसार बँकही विक्रेत्याइतकीच जबाबदार ठरते, आणि केवळ आगाऊ रक्कम कार्डाने भरली असली तरी पूर्ण किमतीला हे संरक्षण मिळते. डेबिट कार्डाला चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याची, सोय असते. भारतात काढलेल्या कार्डाला हे कलम लागू नाही. तिथे आपल्या बँकेकडे चार्जबॅकची मागणी करावी लागते, आणि तिला मुदत असल्याने तक्रार लांबवू नये. आगाऊ रक्कम मागणे या धंद्यात रूढ आहे, कारण कापलेले टार्टन दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. परंतु थेट बँक हस्तांतरच हवे, किंवा पेपॅलवर ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायानेच पैसे पाठवा, असा आग्रह धरला गेला, तर तिथेच थांबावे. या दुसऱ्या पर्यायात ग्राहक म्हणून कसलेही संरक्षण उरत नाही, आणि विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते.

पार्सल आल्यावर

खोके उघडतानाच छायाचित्रे काढावीत. किल्ट वजनकाट्यावर ठेवावा. चुण्या हळूच पसरवून खालच्या किनारीची लांबी मोजावी. आठ वारी म्हणून घेतलेला किल्ट सात मीटरच्या आसपास भरला पाहिजे. लेबल पाहावे, आतला भाग पाहावा, घरातच घालून आरशासमोर उभे राहून लांबी आणि पट्ट्यांची भोके पाहावीत. मधल्या भोकात पट्टा सहज बसला तर माप जुळले. शेवटच्या भोकात ओढून बसवावा लागला तर लगेच कळवावे. पहिले पत्र सौम्य शब्दांत, छायाचित्रांसह लिहावे. चांगला किल्टमेकर पट्टे सरकवून देणे किंवा कमरेत थोडा सैल करून देणे स्वतःहून मान्य करतो. दाद लागली नाही तर स्कॉटलंडमध्ये ‘कंझ्युमर ॲडव्हाइस डॉट स्कॉट’ आणि इंग्लंडमध्ये ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्था मोफत सल्ला देतात, आणि समांतरपणे बँकेकडे दावा करता येतो.

चुण्या प्रवासात विस्कटू नयेत म्हणून नवीन किल्टला खालच्या बाजूने बहुधा पांढऱ्या धाग्याचे लांब लांब कच्चे टाके घातलेले असतात. हे टाके उसवले की किल्ट वापरला गेला असे म्हणायला विक्रेत्याला जागा मिळते. म्हणून लांबी मोजताना चुण्या टाक्यांच्या मधून जेवढ्या उघडतील तेवढ्याच उघडून एकेक मोजाव्यात, आणि वजन, कापड, माप या तिन्ही गोष्टींविषयी पूर्ण समाधान झाल्यानंतरच छोट्या कात्रीने हा धागा काढावा.